अनोळखी परदेशी जिरॅनियम कोल्हापूरच्या बागेत लावावे का? निर्णयापूर्वीच्या पायऱ्या

पूर्वी जी झाडे केवळ मोठ्या वनस्पतिउद्यानांत पाहायला मिळत, त्यांचे बियाणे आता घरबसल्या मागवता येते, आणि परदेशी राहणारी मुले-सुना सुट्टीला येताना एखादे पाकीट सहज घेऊनही येतात. अशा पाकिटांमध्ये ज्याचे छायाचित्र पाहून बागप्रेमी हरखून जातात असे एक झाड म्हणजे जिरॅनियम मदेरेन्स. अटलांटिक महासागरातील मदेरा या पोर्तुगीज बेटाचे हे मूळ रहिवासी आहे. माणसाच्या छातीपर्यंत वाढणारे हे झाड हातभर रुंदीच्या, खोलवर कातरलेल्या पानांचा पसारा मांडते, आणि दोन-तीन वर्षांनी एकाच बहरात गुलाबी-जांभळ्या फुलांचा घुमट डोक्यावर घेते. फुलांचे देठ जांभळ्या, चिकट केसांनी भरलेले असतात, त्यामुळे उन्हात सगळा फुलोरा चमकतो. या बहरानंतर मात्र झाड मरते.

इतके देखणे झाड आपल्या ताराबाई पार्कातल्या किंवा रुईकर कॉलनीतल्या बंगल्याच्या बागेत असावे, असे कोणालाही वाटेल. तरीही ते लावावे की नाही, हा निर्णय बी हातात येण्यापूर्वी व्हायला हवा, कारण बी एकदा घरात आले की माणूस ते पेरतोच. पुढे दिलेल्या पायऱ्या मदेरेन्सचे उदाहरण धरून मांडल्या आहेत, परंतु कोणत्याही अपरिचित परदेशी जिरॅनियमला त्या त्याच क्रमाने लावता येतील.

पहिली पायरी : झाड नेमके कोणते ते ठरवणे

आपल्याकडे ‘जिरॅनियम’ म्हटले की तीन वेगळ्या गोष्टी डोळ्यांसमोर येतात. थंडीत रोपवाटिकांमध्ये लाल, गुलाबी, पांढऱ्या गुच्छांची जी कुंडीतली रोपे विकली जातात ती एक. अलीकडे महाराष्ट्रातील अनेक शेतकरी तेलासाठी ज्याची लागवड करतात ते गुलाबगंधी पीक दुसरे. ही दोन्ही शास्त्रीयदृष्ट्या पेलार्गोनियम आहेत. तिसरे म्हणजे खरे जिरॅनियम, ज्यात मदेरेन्स मोडते. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये या सर्वांना एकाच प्रजातीत (genus) ठेवले होते, त्यातून पेलार्गोनियम १७८९ मध्ये लेरितिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगळे केले. बाजारातील नाव मात्र जुनेच राहिले. खऱ्या जिरॅनियमच्या सुमारे चारशे जाती जगभरच्या समशीतोष्ण प्रदेशांत आणि उष्ण कटिबंधातील डोंगरांवर पसरलेल्या आहेत, तर पेलार्गोनियमच्या सुमारे २८० जातींपैकी बहुतेक दक्षिण आफ्रिकेतल्या आहेत.

फूल हातात असेल तर दोघांतला फरक ओळखणे अवघड नाही. खऱ्या जिरॅनियमच्या पाचही पाकळ्या सारख्या असतात आणि बहुधा दहाही पुंकेसर परागयुक्त असतात. पेलार्गोनियमच्या वरच्या दोन पाकळ्या खालच्या तिघींहून आकाराने वा रंगाने वेगळ्या असतात, परागयुक्त पुंकेसर जास्तीत जास्त सात असतात आणि फुलाच्या देठात मधाची एक बारीक नळी दडलेली असते, जी देठ आडवा कापल्यावर दिसते. बियांतला फरक आपल्या निर्णयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. पेलार्गोनियमच्या बीला पिसासारखी शेपटी असते आणि ते वाऱ्यावर उडते. खऱ्या जिरॅनियमचे फळ मात्र वाळताच ताण सुटून, आपल्या तेरड्याच्या बोंडाप्रमाणे, बी झटक्याने दूर भिरकावते.

म्हणून विक्रेत्याकडून प्रजाती (genus) आणि जाती (species) ही दोन्ही नावे मागून घ्यावीत. पाकिटावर केवळ ‘दुर्मीळ जिरॅनियम’ किंवा ‘महाकाय जिरॅनियम’ असे लिहिलेले असेल आणि विक्रेत्याला पूर्ण नाव सांगता येत नसेल, तर प्रक्रिया येथेच थांबवावी. नाव माहीत नसलेल्या झाडाचे मूळ ठिकाण, वाढीचा काळ आणि पसरण्याची सवय यांपैकी काहीच तपासता येत नाही. एखादे रोप आधीच घरात आले असेल, तर फुलावर आल्यानंतर त्याची पाने, फुले आणि देठ यांची स्पष्ट छायाचित्रे घेऊन शिवाजी विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांना दाखवावीत.

दुसरी पायरी : मूळ ठिकाणचे हवामान महिन्यांच्या भाषेत मांडणे

‘समशीतोष्ण हवामान हवे’ यासारख्या मोघम वाक्यांवरून काहीच ठरवता येत नाही. झाडाच्या गावी कोणत्या महिन्यात पाऊस पडतो, कोणत्या महिन्यात जमीन कोरडी असते आणि झाड कोणत्या महिन्यात वाढते, हे एका कागदावर बारा रकाने आखून लिहावे आणि त्याखाली कोल्हापूरचे बारा महिने लिहावेत. जुळणी कुठे होते आणि कुठे मोडते हे मग आपोआप दिसू लागते.

मदेरा बेटावर पाऊस प्रामुख्याने ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. किनाऱ्यावरच्या फुंशाल शहरात थंडीतले दुपारचे तापमान २० अंशांच्या आसपास असते आणि ऑगस्टमध्येही ते साधारणपणे २६ अंशांवर थांबते. बेटाच्या उत्तर उतारांवर धुक्यात वाढणारी सदाहरित लॉरेल वृक्षांची राने आहेत, ज्यांना १९९९ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. हवेत ओलावा, सौम्य तापमान आणि पानांच्या कुजीची भुसभुशीत, निचऱ्याची जमीन या वातावरणात मदेरेन्स घडले आहे. निसर्गात ते आता अतिशय थोडे उरले असून जगभरच्या बागांमुळेच ते मोठ्या संख्येने टिकून आहे.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. आपला हिवाळा मदेरेन्सला मानवण्यासारखा आहे: रात्री १४-१५ अंश, दुपारी तिशीच्या आत-बाहेर, आणि हवा कोरडी. इतक्यावरून अनेकांना आशा वाटते, परंतु प्रश्न हिवाळ्याचा नाहीच.

तिसरी पायरी : आपला मे आणि आपला जुलै

एप्रिल-मेमध्ये शहरात दुपारचे तापमान ३६ ते ३८ अंशांपर्यंत जाते आणि काही दिवस त्याहूनही वर चढते. त्यानंतर जूनमध्ये पाऊस सुरू होतो; वर्षभरात शहरात सरासरी हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याचा मोठा भाग जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ आणि दमट हवेत, सलग झडीच्या रूपाने येतो. उन्हाने शिणलेल्या मुळांना लगेच पाणथळ मातीत उभे राहावे लागते, आणि बुरशीला याहून सोयीची स्थिती नसते. कुंडीतली पेलार्गोनियमची रोपे आपल्याकडे पहिल्या पावसाळ्यातच बुंध्यापासून काळी पडून कोलमडतात, ती याच कारणाने.

पेट्युनिया, पॅन्सी किंवा बाजारातली हंगामी रोपे लावताना आपण ही अडचण वळसा घालून टाळतो. ऑक्टोबरमध्ये लावायची, मार्चपर्यंत फुले घ्यायची आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढून टाकायची. मदेरेन्सच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे, कारण पेरल्यापासून फुलायला त्याला दुसरा किंवा तिसरा वसंत लागतो. ऑक्टोबरमध्ये पेरले तर पहिल्या हिवाळ्यात केवळ पानांचा झुबका तयार होतो, आणि फुलाचे तोंड पाहण्यासाठी त्या झुबक्याने किमान एक पूर्ण उन्हाळा आणि एक पूर्ण पावसाळा, कदाचित दोन-दोन, पार करायला हवेत. माझ्या मते कोल्हापूर शहरात मदेरेन्स जमिनीत लावण्याच्या विरोधातले हे सर्वांत भक्कम कारण आहे. आपली काळी माती त्यात आणखी भर घालते, कारण ती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

आपल्या जागेचा निचरा तपासायचा असेल तर पावसाळा संपताना फूटभर खोल व तितक्याच रुंदीचा खड्डा घ्यावा, तो पाण्याने भरावा, पाणी मुरल्यावर पुन्हा भरावा आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी किती वेळात मुरते ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळीही खड्ड्यात पाणी दिसत असेल, तर त्या जागी कोणतेही जिरॅनियम जमिनीत लावू नये. काळ्या मातीत वाळू मिसळून ही अडचण सुटत नाही. निचऱ्याच्या मातीने भरलेला खड्डासुद्धा भोवतीच्या चिकण मातीमुळे हौदासारखा भरून राहतो. दीड-दोन फूट उंच वाफा किंवा कुंडी हेच त्यावरचे खरे उत्तर आहे.

चौथी पायरी : झाड रुजलेच तर ते कुठवर जाईल?

येथवर झाड जगेल का, एवढाच प्रश्न होता. आता उलट बाजूने विचार करायचा आहे, आणि हीच पायरी बहुतेक जण गाळतात. जे झाड कोल्हापुरात जगत नाही, त्याचा धोका आपल्या पैशांपुरता आणि श्रमांपुरता असतो. जे झाड काहीही न करता तरारते, त्याच्याकडे अधिक सावधपणे पाहायला हवे. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोभेचे झाड म्हणूनच भारतात आणली गेली आणि आज ती सह्याद्रीच्या उतारांवर जागोजाग झुडपांच्या भिंती उभ्या करून बसली आहे. पंचगंगेवर दाटणारी जलपर्णीही मूळची दक्षिण अमेरिकेतली, फुलांच्या देखणेपणामुळे जगभर नेली गेलेली वनस्पती आहे.

जिरॅनियमच्या कुटुंबातही अशी उदाहरणे आहेत. जिरॅनियम रॉबर्टियानम हे मदेरेन्सचे जवळचे नातेवाईक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात ते जंगलाच्या दाट सावलीतही पसरत गेले आणि तेथे त्याची उपद्रवी तणांच्या अधिकृत यादीत नोंद आहे. दक्षिण आफ्रिकेचे पेलार्गोनियम कॅपिटाटम पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या किनाऱ्यावरील वाळूच्या टेकड्यांत तण म्हणून फोफावले आहे. मदेरेन्स स्वतःही सौम्य हवेच्या ठिकाणी मागे राहत नाही: इंग्लंडच्या नैऋत्येकडील सिली बेटांवर आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील बागांत ते आपोआप बी टाकून मुबलक उगवते.

ही माहिती कोल्हापूरला लावून पाहिली की एक पेच समोर येतो. शहरातल्या उन्हात मदेरेन्स जगणे कठीण आहे. ते जगेल अशी शक्यता असलेल्या जागा म्हणजे पन्हाळा, आंबा घाट, राधानगरीकडचा थंड, धुक्याचा, तांबड्या मातीचा पट्टा, जिथे आता फार्महाऊस आणि त्यांच्या बागा वाढत आहेत. याच पट्ट्याला लागून राधानगरीचे अभयारण्य आहे, मसाई पठार आहे, आणि केवळ पश्चिम घाटातच सापडणाऱ्या कितीतरी लहान वनस्पती आहेत, ज्या पावसाळ्याच्या चार महिन्यांत कातळावरच्या बोटभर मातीत आपले आयुष्य पुरे करतात. ज्या ठिकाणी या झाडाला यश मिळण्याचा संभव अधिक, त्याच ठिकाणी ते सुटल्यास होणारी हानीही अधिक, अशी ही स्थिती आहे. म्हणून जंगल, पठार, ओढा किंवा देवराई यांच्या जवळच्या जागेत बी धरणारे परदेशी जिरॅनियम लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याला ‘एकच तर रोप आहे’ हा अपवाद मला मान्य नाही. एका फुलोऱ्यात शेकडो फुले असतात आणि प्रत्येक फूल पाच बिया देऊ शकते.

पंचगंगेच्या पूररेषेत येणाऱ्या बागांनाही हाच नियम लावावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत शहरातल्या अनेक वस्त्यांतून पाणी वाहिले. अशा पाण्याबरोबर कुंड्या, माती आणि बी कुठवर जाईल यावर कोणाचेही नियंत्रण राहत नाही.

पाचवी पायरी : बी किंवा रोप कोणत्या वाटेने येणार?

परदेशातून बी वा रोप आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. हा नियम टपालाने येणाऱ्या लहान पाकिटालाही लागू आहे आणि प्रवासी सामानातून आणलेल्या रोपालाही. त्यामागचे कारण समजून घेतले तर तो जाचक वाटणार नाही. २०२० मध्ये ग्वाटेमालाहून अमेरिकेत आलेल्या पेलार्गोनियमच्या रोपांबरोबर राल्स्टोनिया जीवाणूचा एक घातक प्रकार तेथील हरितगृहात पोहोचल्याचे उघड झाले आणि त्याचा माग काढत रोपे नष्ट करावी लागली. हा जीवाणू बटाटा, टोमॅटो, वांगी या वर्गातील पिकांना मर आणतो. आपल्या जिल्ह्यात बागेच्या कुंपणापलीकडे बहुधा कोणाचे तरी भाजीचे रान असते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून भारतातच वाढवलेले, नाव खात्रीने सांगता येणारे आणि शक्यतो छाटकलमापासून केलेले रोप देशातल्याच रोपवाटिकेतून घ्यावे. घरी आणल्यावर ते इतर झाडांपासून दूर, महिनाभर वेगळे ठेवावे आणि पानांच्या पाठीवर तांबेऱ्याचे करडे-तपकिरी फोड, बुंध्यावर काळेपणा किंवा पाणी असूनही मलूल होणारी फांदी दिसते का ते पाहावे. अशी लक्षणे दिसल्यास रोप मातीसकट बंद पिशवीत काढून टाकावे. कंपोस्टात घालू नये.

सहावी पायरी : कुंडीतली मर्यादित चाचणी

वरच्या सर्व कसोट्या पार करूनही इच्छा कायम असेल, आणि जागा जंगलापासून तसेच पूररेषेपासून दूर असेल, तर शहरात कुंडीत चाचणी घेण्यास हरकत नाही. मात्र चाचणी कधी संपवायची हे आधी ठरवून लिहून ठेवावे.

पेरणी पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीस करावी. मदेरेन्सच्या बीला १५ ते २० अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, म्हणून ऑक्टोबरची उष्मा जाणवत असेल तर नोव्हेंबरपर्यंत थांबलेले बरे. चार-पाच खरी पाने आली की रोप टप्प्याटप्प्याने मोठ्या कुंडीत हलवत न्यावे आणि अखेरीस किमान १४ इंची मातीच्या कुंडीत स्थिर करावे. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून ओल बाहेर पडते, म्हणून प्लॅस्टिकपेक्षा ती बरी. मिश्रणात पन्हाळ्याकडची तांबडी माती, चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि जाड वाळू किंवा विटांचा बारीक चुरा हे साधारण समान प्रमाणात घ्यावे. बुडाच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावा आणि कुंडी विटांवर उचलून ठेवावी, म्हणजे छिद्र फरशीला टेकून बंद होणार नाही.

जागा पूर्वेची, सज्जाखालची असावी, जिथे सकाळचे ऊन मिळते आणि दुपारनंतर सावली येते. मार्चपासून ५० टक्के सावली देणारे शेडनेट लावावे. पाणी सकाळी आणि वरची बोटभर माती सुकल्यावरच द्यावे. मे महिन्यात पाने दुपारी माना टाकतात, तेव्हा माती न तपासता पुन्हा पाणी ओतण्याचा मोह टाळावा, कारण बरेचदा मुळांभोवती ओल पुरेशी असते आणि झाड केवळ उष्णतेने मलूल झालेले असते. जूनच्या पहिल्या पावसापूर्वी कुंडी थेट पाऊस लागणार नाही पण वारा खेळेल अशा ठिकाणी हलवावी. खते पावसाळ्यात बंद ठेवावीत.

मदेरेन्सची एक सवय माहीत नसेल तर माळी हमखास नुकसान करतो. त्याची जुनी पाने सुकली तरी देठ गळत नाहीत. ते खाली वाकून जमिनीला टेकतात आणि वरच्या जड डोलाऱ्याला टेकू देतात. बाग नीटनेटकी दिसावी म्हणून हे वाळके देठ छाटले तर फुलोऱ्याच्या वजनाने झाड कलंडते. पिवळे पडलेले पाते हवे तर कापावे, देठ मात्र राहू द्यावा.

फुलोरा आलाच, तर पाकळ्या गळून चोचीसारखी फळे दिसू लागताच त्यावर मलमलीची पिशवी सैल बांधावी. फळे तडकण्यापूर्वी पिशवी बांधणे ही चाचणीतली सर्वांत महत्त्वाची कृती आहे. तेवढ्यासाठी रोज पाहणी करण्याची तयारी नसेल तर फुले कोमेजताच फुलोरा कापून टाकावा. पुढच्या पावसाळ्याअखेर कुंडीभोवतीच्या काही मीटरच्या परिसरात, विशेषतः भिंतींच्या फटींत आणि गटाराच्या कडेने, आपोआप उगवलेली रोपे शोधावीत. तशी रोपे सापडली तर ती उपटावीत आणि हे झाड पुन्हा लावू नये. हौशी मंडळींमध्ये रोपे वाटण्याची आपली प्रथा मनापासून आवडणारी आहे, तरीही चाचणीतले बी आणि रोप दुसऱ्याला देऊ नये, कारण घेणाऱ्याची जागा पन्हाळ्याच्या उतारावर असेल की ओढ्याकाठी, हे आपल्याला ठरवता येत नाही.

नकार ठरला तर त्या जागी काय लावावे?

परदेशी जिरॅनियमच हवे असेल, तर गुलाबगंधी पेलार्गोनियम मला अधिक योग्य वाटते. लागवडीतले वाण बी जवळपास धरतच नाही आणि छाटकलमानेच वाढवले जाते, त्यामुळे ते बागेबाहेर जाण्याची भीती नाही. पावसाळ्यात मुळे कुजतात हा त्याचाही दोष आहे. म्हणून मेअखेर आडोशाला दोन-तीन कलमे जगवून ठेवावीत. याच्याच एका भाऊबंदाला ‘डास पळवणारे झाड’ म्हणून विकतात, परंतु नुसते रोप ठेवल्याने डास दूर राहत नाहीत, असे चाचण्यांत दिसून आले आहे. पेलार्गोनियमची पाने कुत्र्या-मांजरांना बाधतात, तेव्हा घरात जनावर असेल तर कुंडी उंचावर ठेवावी.

वेगळेपणाची ओढ असेल त्यांनी पेलार्गोनियम सिडॉइडिसचा विचार करावा. ते दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागातल्या आणि लेसोथोच्या गवताळ प्रदेशातले आहे. तिथला पाऊस उन्हाळी असल्याने त्याचे वर्ष आपल्या वर्षाशी मदेरेन्सपेक्षा अधिक जुळते. राखाडी-चंदेरी, हृदयाच्या आकाराची पाने आणि काळसर किरमिजी फुले अशी त्याची ठेवण आहे. औषधासाठी त्याची मुळे रानातून खणली जातात, म्हणून रोपवाटिकेत वाढवलेलेच रोप घ्यावे आणि त्याच्या बियांच्या बाबतीत वरचीच दक्षता घ्यावी.

पन्हाळा-आंबा परिसरातल्या बागांसाठी मात्र मी परदेशी जिरॅनियमकडे वळणारच नाही. सावलीच्या ओल्या कोपऱ्यात तेरडा, मोठ्या पानांचा भरघोसपणा हवा तिथे रानहळद आणि कुंपणाच्या कडेला कारवी, जी सात वर्षे थांबून एकदाच फुलते आणि मग मरते. मदेरेन्सप्रमाणेच आयुष्यभराचा बहर एका वेळी देणारी ही वनस्पती आपल्याच डोंगरांची आहे. ही रोपे पठारावरून किंवा रानातून उपटून आणू नयेत; बी गोळा करायचे ते खाजगी जागेतून, मालकाच्या संमतीने, मूठभरच घ्यावे आणि पहिल्या पावसात पेरावे.